बाकी

कँटीन बंद झालं त्या आठवड्यात
डाबरे मॅडमनी नियम काढला:
दर गुरुवारी नवी जागा.
आणि एकदा जिथं जेवलो
तिथं पुन्हा पाऊल नाही.

का, म्हणून विचारलं.
म्हणाल्या, तेवीस वर्षं एकच कपाट उघडतोय आपण,
निदान ताट तरी वेगळं असू दे.

तर सुरुवात झाली माझगावातूनच.
डॉकयार्ड रोडला केरळी मेस.
लाल भात, केळीचं पान,
वाढणारा एवढा घाईत
की सांबार आधी, भात मागून.
मग भायखळ्याचा खिचडा,
वर तळलेला कांदा, हाताला दिवसभर तूप;
त्या संध्याकाळच्या सगळ्या व्हाउचरांवर
माझा अंगठा पारदर्शक उमटला.
मग एक काचेचं दुकान,
पाण्यात काकडी तरंगणारं,
जिथं वाटीभर राजम्याचं नाव
वाचायलाच दोन मिनिटं गेली.
मॅडमनी बिल दोनदा तपासलं
आणि पाण्यातली काकडी
वसुली म्हणून खाल्ली.

एक खानावळ अशी, की मालक जेवताना समोर उभा.
एका ठिकाणी बांगडा बरा, पण पंखा नाही.
एका ठिकाणी फक्त पंखा.

मॅडम मागच्या पानावर नोंद ठेवायच्या.
तारीख, रक्कम, शेरा.
"वरण पातळ, माणूस चांगला."
"पुन्हा नाही" असा शेरा कधीच नाही,
तो तर नियमातच होता.

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी
दारूखान्याच्या वाटेला, लेथच्या दुकानावर,
लोखंडी जिना चढून गेलो.
पाटी नाही. चार टेबलं जेवायला,
पाचव्यावर चुरीबाईंचा मुलगा गणितं करत बसलेला.
वालाचं बिरडं. तांदळाची भाकरी.
खालून लेथची घरघर,
ताटातली आमटी किंचित थरथरत होती.

आम्ही दोघं बोललोच नाही.
मॅडमनी वाटी भाकरीनं पुसून घेतली,
वही काढली,
तारीख लिहिली, रक्कम लिहिली
आणि शेऱ्याची जागा कोरी ठेवली.

पुढचा गुरुवार, चायनीज.
त्याच्या पुढचा, कुठलीशी थाळी.
चव आठवत नाही.

मग एका सोमवारी
मॅडम बँकेत गेल्यात असं पाहून
मी तो जिना चढलो.
चोरासारखा. चपला जरा आवाज करत होत्या.
चुरीबाईंनी काही विचारलं नाही,
पोरानं मात्र वही पुढे सरकवली:
काका, हे बघा ना.

बघितलं.
भागाकाराखाली लाल शाईत दुरुस्ती,
आणि प्रत्येक इंग्रजी सातच्या कमरेला
आडवी रेघ.
असा सात आख्ख्या ऑफिसात
एकच माणूस काढतो.

तीन पानं मागे गेलो.
रेघा होत्या.
अजून मागे. होत्या.
म्हणजे बँकेत एवढं काम
आपल्या कंपनीला कधीच नव्हतं.

बिरडं गार होईपर्यंत
मी दोन उदाहरणं सोडवून दिली.
खाली निळ्या शाईत बरोबरची खूण केली,
माझी नेहमीची, शेपूट लांब असलेली,
जी मॅडमना कधीच आवडली नाही.

गुरुवारी नव्या जागी गेलो.
प्लास्टिकची फुलं, लॅमिनेट केलेलं मेन्यूकार्ड.
मॅडम पनीरच्या रांगेवरून बोट फिरवत होत्या.
वर न बघता म्हणाल्या,
भागाकार अजून चुकतोय त्याचा.

मी पाण्याचा पेला उजवीकडून डावीकडे ठेवला.
म्हटलं, हो.
बाकी लिहायला विसरतो.

हं, म्हणाल्या.
आणि दोन साधे डोसे सांगितले.